कासवाचा डोस

तीर्थरूप दादास,

सादर नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि वहिनीच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का, ते आधी कळव. (वहिनीला म्हणावं, डोळा बरा झाला तरी महिनाभर कुणाला सांगू नको, नाहीतर लगेच कामाला जुंपतील.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे ताप, खोकला, पडझड काही नाही. त्यापलीकडे खुशाली कशाला म्हणतात हे मला हल्ली नीटसं आठवत नाही, म्हणून हे पत्र.

झालं असं, की थोरलीच्या शाळेतून फर्मान आलं, यापुढे गृहपाठ संगणकावर करायचा. पाठोपाठ धाकट्याच्या वर्गालाही तेच. घरात संगणक म्हणावा असा एकच, माझा लॅपटॉप, ज्याच्यावर मी औषधांच्या खोक्यातल्या त्या घडीच्या कागदांची भाषांतरं करते. (जे कागद कुणी वाचत नाही आणि एकदा उघडले की ज्यांची घडी पुन्हा बसत नाही, तेच.) तुझे मेहुणे म्हणाले, हा मुलांना देऊन टाक आणि तू नवा घे, नाहीतरी त्याच्या नावाने रोज बोटं मोडतेसच. मोडत होते हे खरं. पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो, बिजागरी गेल्यापासून पडदा भिंतीला टेकवून ठेवावा लागतो आणि ‘क’ डाव्या कोपऱ्यावर हाणला तरच उमटतो. पण दादा, आधी नवा आणावा आणि मग जुना द्यावा, एवढी अक्कल शेंबड्या पोरालाही असते. मी मात्र त्याच रविवारी दोघांना समोर बसवून, मोठ्या मनाने, तो त्यांच्या हवाली केला. नवा काय, चार दिवसांत येईल. त्या चार दिवसांचे किती झाले ते विचारू नकोस.

तुझे मेहुणे लिफ्टच्या देखभालीत मुरलेले. कुठलीही वस्तू किती भार पेलते आणि बंद पडली तर माणूस आत अडकतो का, एवढंच ते बघतात. ते रोज जेवताना मोबाइलवर अनोळखी लोकांना नव्या लॅपटॉपची खोकी उघडताना बघत, आणि त्यांचा एक लॅपटॉप पक्का होईपर्यंत तो बाजारातून गेलेला असे. वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राचार्य जिन्यात भेटले की म्हणत, घाई नको, याहून चांगला निघतोय. ते स्वतः कितीतरी वर्षं थांबलेले आहेत आणि त्यांच्याकडे अजून लॅपटॉप नाही, यावरून मी काय ते ओळखायला हवं होतं.

दुकानातल्या पोरगेल्या विक्रेत्याने विचारलं, वापर काय? मी म्हटलं, टाइप करते. “फक्त टाइप?” असं तो ज्या स्वरात म्हणाला ना, तो स्वर मी फक्त डॉक्टरांकडे ऐकलाय, रिपोर्ट वाईट आले की. मग त्याने एक दाखवला, ज्याच्या बटणांखालून लाल उजेड येत होता, शेगडीवर हात ठेवल्यासारखा. दुसरा इतका पातळ, की घरी कुणीतरी त्याने कलिंगड कापायचं अशी मला धास्ती. तिसऱ्याचा पडदा पूर्ण मागे दुमडत होता आणि त्याचं त्या पोराला फार कौतुक. माझाही दुमडतो, पण आम्ही त्याला मोडला म्हणतो. विचार करून सांगते म्हणाले आणि आले परत.

दरम्यान घरी राज्यक्रांती झाली होती. मुलांनी पासवर्ड बदलला. मला काम करायचं असेल तर आधी विचारायचं, मग थोरली येऊन म्हणणार, “आई, तोंड दाराकडे कर,” आणि मी, जिने हिला बोट धरून ‘अ’ गिरवायला शिकवला, ती निमूट दाराकडे तोंड करून उभी. मग मिळालेल्या तासात धाकटा शेजारी बसून कितीदा विचारणार, झालं का. या घाईतच ते झालं.

खोकल्याच्या औषधाचा कागद मला भाषांतरं देणाऱ्या संस्थेकडे पाठवायचा होता आणि धाकट्याचा निबंध शाळेत. दोन्ही मीच पाठवले, दमलेल्या बोटांनी, आणि अदलाबदल झाली. शाळेतून शेरा आला, ‘माहिती उपयुक्त आहे, पण स्वतःच्या शब्दांत लिही.’ संस्थेतल्या बाईंनी कळवलं, भाषा ओघवती आहे, पण कासव जेवणाआधी घ्यायचं की नंतर, ते स्पष्ट होत नाही. मी हसले, दादा. खालची ओळ वाचेपर्यंत हसले. खाली लिहिलं होतं, पुढचं काम विचार करून कळवू. त्यानंतर काही आलेलं नाही. माझं बांधलेलं काम म्हणावं तर ते तेवढंच.

तेव्हा मात्र मी कंबर कसून पुन्हा दुकानात गेले, की आज दगड का असेना, घेऊन यायचा. विक्रेत्याने एक समोर ठेवला. म्हणाला, मॅडम, याला नुसता मजकूर दाखवा, भाषांतर हा आपोआप करतो. मी विचारलं, “मग मी काय करू?” तो म्हणाला, “आराम.” कुचकेपणा नव्हता रे, पोरगं मनापासून बोललं. मी त्या बटणांवर बोटं ठेवली. इतकी मऊ, की आपण काही लिहितोय असं वाटेचना. हातात पिशवी होती, ती तशीच रिकामी घेऊन घरी आले.

घरात दोघं भिंतीशी डोक्याला डोकं लावून बसलेली. थोरली धाकट्याला शिकवत होती, “‘क’ तसा नाही, आई मारते तसा मार, कोपऱ्यावर.” त्याने हाणला. उमटला. दोघांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मी चप्पल न काढता दाराशीच बसले बराच वेळ. रागवावं असं कुणी सापडेना, आणि उठावंसंही वाटेना.

असो. दमले आहे, दुसरं काही नाही. वहिनीला नमस्कार, तू जिना जपून चढ.

तुझी,
धाकटी

ता.क. परवा वहिनी फोनवर सहज बोलून गेली, की तू नवा लॅपटॉप घेतलास आणि जुना कपाटात नुसता पडून आहे. मी काही मागत नाहीये. कपाटात अडचण होत असेल, एवढंच मनात आलं.

ता.क. अडचण होतच असेल तर चार्जरसकट पाठव. संस्थेतल्या बाईंना मी आजच लिहिणार आहे, की एक कागद फुकट करून देते, बघा.

ता.क. मामा, मी थोरली. आई दार उघडायला गेलीय आणि पत्र तसंच उघडं आहे, म्हणून वाचलं. त्या दिवशी ती दाराशी बसली होती ते आम्ही पाहिलं होतं, पण तिला काय म्हणायचं ते कळेना. आता आम्ही ठरवलंय, की तिचा लॅपटॉप तिला परत द्यायचा. पासवर्डपण सांगणार आहोत. तुझा जुना तू आम्हाला पाठव. धाकटा विचारतोय, त्याच्यावर खेळ चालतात का? चालत नसतील तर आईलाच दे.