अकरा मिनिटांची कहाणी

देवास, श्रावणातला पहिला शुक्रवार

केतकी रविवारी दुबईला चालली, कंपनीच्या कामाला, महिनाभर. तिच्या कारखान्यातून जाणारी पहिलीच मुलगी! हे मी मोबाईलच्या दुकानातही सांगून आले. गरज होती का? असू दे.

तिकडे इंटरनेटवरचे कॉल लागत नाहीत म्हणे, म्हणून साधा फोनच. दुकानदार म्हणाला, "आंटीजी, सबसे छोटा रोमिंग पॅक ले लो, बात ही कितनी होगी?" म्हटलं, "भिया, हमारी कहानी ग्यारह मिनट की है." दर शुक्रवारी जिवतीची कहाणी मी सांगते, ती अक्षता धरून ऐकते. मध्येच तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. शिवाय रोमिंगमध्ये आलेल्या फोनचीही मिनिटं कापतात, हे बारीक अक्षरांतलं मीच वाचलं, त्याला कुठे ठाऊक होतं! उरले तीन शुक्रवार, अकरा मिनिटं, म्हणजे तेहेतीस. चाळीसचा पॅक ठरवून आले.

घरी केतकी म्हणाली, "आई, यंदा कहाणी मी सांगणार. तू अक्षता धर."

हिंदी शाळेत शिकलेली पोर. मराठी पुस्तक कधी हातात घेतलं नाही तिनं. अडखळत, शब्दाशब्दावर बोट ठेवत वाचत होती. एकदा स्वयंपाकाच्या जागी "रसोई" म्हणाली. मी टोकलं नाही. अक्षता मुठीत घट्ट धरल्या, नाहीतर सांडल्याच असत्या.

घड्याळ पाहिलं. सतरा मिनिटं.

उद्या दुकानात जाऊन सांगते, भिया, बडा वाला दो. हमारी कहानी अब सत्रह मिनट की है.