बांगड्यांचं कुणी सांगितलं

४ मार्च
मीनाबाईच्या, म्हणजे माझ्या धाकट्या जावेच्या, नातवाचं बारसं. पाळण्याजवळ उभी होते. सगळ्या बायकांसमोर ती म्हणाली, "आक्का, हिरव्या बांगड्या कुठं ठेवल्यासा? दार लावल्यावरच घालायच्या व्हय?" हशा!
घुगऱ्या मुठीत तशाच घेऊन घरी आले.
हे गेल्यापासून घरात आवाज नाही. म्हणून दार लावून बांगड्या घालते. भांडी घासताना किणकिणतात, आत कुणी आहेसं वाटतं. हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं — दवाखान्यातल्या समुपदेशक सोनम मॅडमना. "इथलं इथंच राहतं," म्हणाल्या होत्या.

५ मार्च
जावेशी भांडायचं नाही. तिनं ऐकलं ते बोलली. मूळ दुसरीकडं आहे.

८ मार्च
मॅडमना समोर विचारलं. ओशाळल्यासुद्धा नाहीत! "अहो, पहिल्या दिवशी मीनाबाईच तुम्हाला घेऊन आल्या ना? घरचंच माणूस. म्हटलं, लक्ष ठेवतील. काळजीपोटी सांगितलं."
मी म्हणाले, "घरच्यांना सांगता आलं असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते?"
पाण्याचा पेला पुढं केला त्यांनी. प्यायले नाही.

१० मार्च
वाचनालयात कायद्याचं पुस्तक काढून बसले. चौथी शिकलेली मी, एकेक ओळ दोनदा वाचली. मनाच्या उपचारात सांगितलेलं गुप्त ठेवायचं असतं. नाही ठेवलं तर आधी दवाखान्याच्या प्रमुखाकडं तक्रार. तिथं दाद नाही लागली तर वर मंडळ आहे.

११ मार्च
यशराजचा पुण्याहून फोन. "आई, जाऊ दे की. बांगड्यांचं लिहावं लागंल. सगळ्या गावाला कळंल."
पोरा, गावाला कळलंच आहे. आता मी सांगते.

१३ मार्च
अर्ज लिहिला. काय सांगितलं, कुणाला कळलं, मॅडम काय म्हणाल्या — एवढंच. पहिल्या कागदावर शिव्या होत्या, तो चुलीत घातला.
दवाखान्याच्या खिडकीतला कारकून म्हणाला, "मावशी, ठेवून जावा."
"पोच दे. शिक्का मारल्याबिगर मी हलत न्हाय."
मारला!

२० मार्च
प्रमुख डॉक्टरांनी दोघींना बोलावलं. आता मॅडम म्हणतात, "मी मीनाबाईंना काही सांगितलंच नाही!" डॉक्टर भले वाटले. म्हणाले, "ज्यांना सांगितलं, त्या येऊन बोलतील का? सोमवारी पुन्हा बसू."

२१ मार्च
मीनाबाईकडं गेले. ती कणीक मळत होती, वर बघितलं नाही. "आक्का, मला दवाखान्याच्या भानगडीत घालू नकासा. माझं काय अडलंय?"
चहासुद्धा विचारला नाही. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं.

२३ मार्च
हे असते तर म्हणाले असते, चल, मी येतो. नाहीत. एकटी जाईन. इथं नाही ऐकलं तर मंडळाकडं जाईन. दार उघडं ठेवून बांगड्या घातल्या.

२५ मार्च
दवाखान्याच्या फाटकात मीनाबाई उभी. माझ्या हाताकडं बघितलं, हसली नाही. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "आक्का, मीबी त्या मॅडमकडं जातीय, माझं सांगायला. तुमचं मला सांगितलं — मग माझं कुणाला सांगितलं असंल?"