तळहात खाली

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि तुमच्या ऑर्केस्ट्रात मी गायलेल्या कॅसेटी परवा पहिल्यांदा लावल्या. दोन गाण्यांतच बंद केल्या. किती गुळमट गात होते मी. प्रत्येक ओळीच्या शेवटी ती लाडिक हरकत, तुम्ही घोटून घेतलेली. पुढं त्याच आवाजावर माझे अल्बम निघाले, नाव झालं. आजही लग्नाकार्यात लोक मला गाठून तीच हरकत करून दाखवतात. त्यांची किळस येते, आणि हसून दाद देणाऱ्या माझी जास्त.

चितेगावच्या त्या कारखान्याचं स्नेहसंमेलन आठवतं? मी अठरा वर्षांची. गिटारवाला त्या दिवशी रंगात आलाय, माझ्याही अंगात काहीतरी संचारतं आणि मी पोटातून, गळा मोकळा सोडून गाते. मागचे कामगार खुर्च्यांवर उभे राहतात. तुम्ही स्टेजखाली साउंडच्या मशीनपाशी बसलेले. तळहात खाली करून तुमची नेहमीची खूण, आवाज उतरव. मी उतरवत नाही. मग तुम्ही माझा माईकच बंद करता, आणि भरल्या मैदानासमोर मी नुसतं तोंड हलवत राहते. परतताना टेम्पोत तुम्ही एवढंच म्हणालात, "लई ओंगळ वाटलं. आपल्या घरच्या पोरीनं असं बोंबलू नाय." त्या एका वाक्यापायी मी तीस वर्षं गोड गात राहिले. तुमचा राग येतोच, पण एवढी वर्षं ऐकून घेणाऱ्या त्या पोरीची शिसारी येते.

उद्या गारखेड्यात माझा पहिला रॉकचा कार्यक्रम आहे. दोन इलेक्ट्रिक गिटार, ड्रम आणि माझा मोकळा गळा. जुने चाहते नाकं मुरडतायत, पन्नाशीला आलेल्या बाईला हे काय सुचलं म्हणून. मुरडू देत. तुम्हाला हेच ठणकावून सांगायला लिहायला बसले. पाठवायची सोय नाही, ते बरंच आहे.

कारण आजच्या तालमीतलं अजून सांगितलं नाही. सगळ्यात वरचा सूर लागला, खोली दणाणली, आणि माझाच हात वर आला. तळहात खाली. साउंडवाल्या मुलीनं लगेच माझ्या माईकचा आवाज उतरवला आणि विचारलं, "ताई, एवढा बास का?"

मी मान डोलावली.