काखेत आवळणारा कोट

प्रिय ठकू,

अक्षर लागलं नाही तर रागावू नकोस, चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी. तुझा खोकला गेला का? खिडकी उघडी टाकून झोपत जाऊ नकोस.

तुझ्या आईचं तुला थोडं ठाऊक आहे. मोबाइलवरच्या त्या ग्रुपात सगळ्यांचं एकच म्हणणं, घरातली खरी माणसं नेलीत आणि हुबेहूब नकली आणून ठेवलीत. आधी मी थट्टा केली, नकली असतो तर गुडघे तरी नवे बसवले असते. ती हसली नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तर ग्रुपातून निरोप आला की गोळ्यांनी नकली माणूस खरा वाटू लागतो. गोळ्या मोरीत गेल्या.

मग वाटलं, बोलून उपयोग नाही, हाताने सांगावं. दुकानातलं सगळ्यात चांगलं कापड काढून तिला कोट शिवला. नजर अधू झालीये, डावी बाही किती वेळा उसवली! तिने कोट घातला, आरशापुढे हात वर केला आणि तिचा चेहराच उतरला. म्हणाली, आमच्या ह्यांच्या हातचा कोट डाव्या काखेत आवळतो, हा कुठे आवळतोय? जन्मभर त्यावरून टोमणे ऐकले, म्हणून या वेळी तेवढंच नीट केलं होतं गं. तिने ग्रुपात फोटो टाकला. लोकांनी शाबासकी दिली, बरोबर पकडलंस म्हणून. मी काख पुन्हा घट्ट करून दिली, तर म्हणाले, बघा, शिकतोय तो.

आता मला ती 'ओ टेलर' म्हणते. परक्या गिऱ्हाइकासारखी अदबीने बोलते. त्यापेक्षा भांडली असती तर बरं.

काल दुपारी आतल्या खोलीत रडत होती. ग्रुपातल्या कुणा बाईला फोनवर सांगत होती की हे गेले, आता खात्री पटली. स्पीकरवर ती बाईही रडताना ऐकू येत होती. इस्त्री करताना मी शीळ घालायचो, ती आवडायची म्हणे तिला. मला कधी बोलली नाही. मी दाराबाहेर पाण्याचा पेला घेऊन उभा होतो. आत गेलो नाही.

म्हणून हे पत्र. तोंडाने सांगवलं नसतं. एक-दोन दिवसांत तिचा फोन येईल, तुझे अण्णा गेले म्हणून. घाबरू नकोस, मी आहे. पण वाद घालू नकोस, तुलाही नकली ठरवेल. तिच्याबरोबर रड. त्या लोकांशिवाय तिला कुणीतरी आपलं हवं. ये म्हणाली तर ये. मी दुकानात झोपेन. वाटेत दिसलो तर ओळख दाखवू नकोस.

तुझाच, अजून असलेला,
अण्णा