तीन ग्लास इकडे, तीन तिकडे

३ मार्च
आजपासून संशोधन. सासूबाईंचे सहा रंगीत ग्लास. वाटणीत तीन बायकोला, तीन थोरल्या ताईंना. त्या वाटणीवरून दोघी बहिणींचा चार वर्षं अबोला. रविवारी ताई येणार. बायकोला त्यांना याच ग्लासातून सरबत द्यायचंय. मी म्हटलं, तोवर ग्लास कोणी घडवले ते शोधतो, दोघींना आईचा अभिमान वाटेल. एका दगडात दोन पक्षी. ती म्हणाली, नुसते धुऊन ठेवलेत तरी पुरे.
तिला काचेतलं कळत नाही. मला कळतं. कालपासून.

४ मार्च
तळाशी खरबरीत वण आहे. म्हणजे हाताने फुंकलेली काच. जांभळ्यात हिरवा मिसळलेला. परदेशी कारागीर, नक्की. ऑफिसात सांगितलं. साहेब म्हणाले, फाइल कुठंय.

५ मार्च
कालचा कारागीर बाद. दुसरा सापडला. हाही नक्की.
संध्याकाळी अल्ट्राव्हायोलेट टॉर्च आणला. जुनी काच त्यात चमकते म्हणे. ग्लास चमकले नाहीत. माझा शर्ट चमकला. शर्ट जुनाच आहे, म्हणजे टॉर्च चांगला आहे.

६ मार्च
हातात येईल तो ग्लास उलटा करून तळ बघायची सवय लागली. अभ्यासू माणसाचं लक्षण. आज शेजारच्या काकूंकडे बघितला. भरलेला होता. बायको म्हणते, आता तुम्हाला कुठे न्यायची सोय राहिली नाही.

७ मार्च
जुन्या काचेच्या शौकिनांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकले. तिथले काचमहर्षी म्हणतात, उरलेल्या तिन्ही ग्लासांचे तळ बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. ताईंना मेसेज केला: 'येताना तुमचे तीन ग्लास घेऊन या. सेट एका जागी असलेला बरा.' मुद्देसूद. बायकोला बोललो नाही, उगाच फाटे फोडते.
ताईंचं उत्तर: 'बरं.' समंजस बाई.

८ मार्च
बायको सकाळपासून घर आवरतेय. पडदे दोनदा बदलले. मध्येच विचारलं, येईल ना हो ती? मी म्हटलं, येणारच, मी आहे ना.

९ मार्च, रविवार
ताई आल्या. दारातच उभ्या. ग्लासांचा मूळ खोका बायकोच्या हातात देऊन म्हणाल्या, एवढेच हवे होते ना? घे. आता आईचं माझ्याकडे काही उरलं नाही. पाणीसुद्धा न घेता गेल्या.
बायकोने माझा फोन मागितला. मेसेज वाचला. फोन परत दिला, चपला घातल्या आणि ताईंच्या मागे धावली.
खोक्यावर कारखान्याचं नाव, पत्ता, फोन नंबर. इथून तासाभरावरचा. खाली बारीक अक्षरांत: यंत्रावर तयार केलेले.

संध्याकाळ
बायकोचा फोन. ताईकडेच राहतेय. किती दिवस, ते सांगितलं नाही. मी कारखान्याचं सांगायला गेलो, तिने ठेवून दिला. पण मागे ताईंचा आवाज होता, आणि दोघी हसत होत्या. चार वर्षांनी. मला बरं वाटलं, आणि वाईटही.
विषय मीच होतो.