मागचेच केस

मंगळवार, संध्याकाळ

धाकटी बहीण सुषमा दुपारी सासरहून आली. वेणी सोडली तर केसांची टोकं जळून तांबूस, राठ झालेली.

"गॅसपाशी वाकली होती वं ताई. तेवढी टोकं कापून दे."

वाकल्यावर पुढचे केस जळतील ना? हिचे फक्त पाठीवरचे जळलेत. मी विचारलं, "नवरा घरीच होता काय तुझा?"

ती म्हणाली, "आईले नको सांगू."

मागचेच केस कसे? मला कापवेनात. तिनं माझ्या हातून कात्री घेतली आणि चाचपडत स्वतःच कापू लागली. मी हात धरला.

"सोड वं. उद्या तो घ्यायले येऊन राहिला."

मी तिला पाठवणार नाही. पण ती थांबेल का?