ओनोराची आई

२ सप्टेंबर, सोमवार

आज नोकरीचा पहिला दिवस. तीन वर्षांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि पोटावरचं बटण लागलं, हीच मोठी बातमी. जुलैत मीनलच्या नव्या नोकरीपायी आम्ही स्टुटगार्ट सोडून एश्बॉर्नला आलो. तिचं ऑफिस एस-बान लोकलच्या स्टेशनाला लागून, माझं तिथून सात मिनिटांवर आणि स्पृहाची किटा, म्हणजे बालवाडी, दोन्हींच्या मधे, त्यामुळे सकाळी आमची वरातच निघाली. स्पृहा पाच वर्षांची आहे. रस्ता ती दाखवते, आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं जर्मनमध्ये देते.

कंपनी चार माणसांची. काम म्हणजे लोकांचे स्कॉटिश आणि आयरिश पूर्वज शोधून देणं. मालकीणबाई फ्राउ हेसलर. मी पुण्यात मोडी वाचायचो, आमच्या गानू घराण्याच्या कुलवृत्तांतासाठी दोनशे वर्षांचे कागद उपसले होते, हे मुलाखतीत ऐकल्यावर त्यांनी माझ्यापुढे एका आयरिश चर्चमधलं बाप्तिस्म्याच्या नोंदींचं पान ठेवलं. मोडीत डोळे फोडलेल्या माणसाला पाद्र्याचं गिचमिड अक्षर म्हणजे किरकोळ. इथला नियम एकच: दोन स्वतंत्र पुरावे मिळाल्याशिवाय कुणाचं मूल कुणाच्या नावावर लावायचं नाही. मी ऐटीत जर्मनमध्ये म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर.

तीन महिने परीक्षेचे आहेत. घरी बसलेला जावई हे सासूबाईंचं लाडकं दुःख आता संपेल. संध्याकाळी मीनलने शिरा केला.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

पहिली वंशावळ माझ्या एकट्याच्या हाती आली आहे. मिसेस टियर्नी, वय त्र्याऐंशी, निवृत्त अमेरिकन शिक्षिका, वीसबाडेनला असतात. त्यांची पणजी ओनोरा फ्लिन ही पाच वर्षांची असताना, दुष्काळात, आयर्लंडहून जहाजाने एकटी अमेरिकेला पोचली. आईबाप कोण, कुठेच लिहिलेलं नाही. ते शोधायचे.

गाव सापडलं. पण तिथे एकाच महिन्यात दोन ओनोरा फ्लिन जन्मलेल्या. सख्ख्या चुलत बहिणी. आपल्यासारखंच, दोघा भावांनी आपापल्या मुलीला आजीचं नाव ठेवलेलं. एकीची आई ब्रिजिट, दुसरीची कॅथरीन, म्हणजे दोघी जावा. ब्रिजिटचे कागद भरपूर आहेत, लग्न, जमीन, थडग्याचा फोटोसुद्धा. कॅथरीनचं नुसतं नाव.

आज वंशावळ द्यायचीच होती, मिसेस टियर्नींचा वाढदिवस सोमवारी आहे. दुपारी किटामधून फोन आला, स्पृहाला ताप आहे, घेऊन जा. फ्राउ हेसलर दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आल्झो, मग, झालं का? मी ब्रिजिट लिहिलं आणि जॅकेट उचललं. पुराव्याच्या रकान्यात 'दोन' लिहिलं. एकही नव्हता.

२० सप्टेंबर, शुक्रवार

मिसेस टियर्नींचं पत्र आलं. वंशावळ वाचून त्या रडल्या म्हणे. फ्राउ हेसलरनी ते पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

ती थाप सोसेना, म्हणून मी मागाहून पुरावा शोधायला बसलो. मिळाला. गावाजवळच्या अनाथ-गरिबांच्या सरकारी घराचं रजिस्टर: 'कॅथरीन फ्लिन, विधवा. मुलगी ओनोरा, वय पाच. मुलीला जहाजाने पाठवले.' खाली जहाजाचं नाव, आणि मिसेस टियर्नींच्या कागदावरही तेच जहाज. ब्रिजिटची ओनोरा दोन वर्षांची असतानाच वारली होती, तेही मागच्या पानांत आहे.

समासात कुणीतरी लिहिलंय की आईला विचारलेलं नाही, आई रोज फाटकाशी येऊन मुलगी मागते.

म्हणजे तिची मुलगी एकदा सरकारने नेली आणि दुसऱ्यांदा मी, जावेच्या पदरात टाकून. सांगायला हवं. एक ईमेल लिहायची आहे. पण खोटा 'दोन' माझ्या हाताने लिहिलाय, आणि तो कळला तर नोकरी गेली. सोमवारी सांगतो.

२ ऑक्टोबर, बुधवार

सांगितलं नाही.

आज सर्वपित्री. आईने पुण्याहून दोनदा फोन करून आठवण केली, बाबांचं तर्पण चुकवू नकोस. सकाळी बाल्कनीत ताम्हण, काळे तीळ, पाणी घेऊन बसलो. बाबा, आजोबा, पणजोबा झाले. मग काय वाटलं कुणास ठाऊक, कॅथरीनसाठीही ओंजळ घेतली. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं, हे लहानपणापासून ऐकलेलं. तसं म्हटलं आणि पाणी सोडलं. आमचंही गोत्र काश्यपच. म्हणजे गानूंच्या पितरांच्या ओळीत, आमच्याच गोत्राने, मी तिला घरात बोलावलं, हे ताम्हण घासताना लक्षात आलं.

मला जरा हलकं वाटलं, त्याची आत्ता लिहिताना लाज वाटते. तिला पाणी नको होतं. तिला मुलीपुढे आपलं नाव हवं होतं, आणि ते द्यायला माझा जीव होत नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार

किटामधल्या बाईंनी आज मला थांबवून सांगितलं की गेल्या बुधवारपासून एक बाई कुंपणाशी येते, तपकिरी शाल, पायांत काही नाही, आणि मुलगी मागते. कोणती मुलगी विचारलं तर स्पृहाकडे बोट दाखवते. तुमच्या घरातली आहे का, असं त्या विचारत होत्या. मी नाही म्हटलं. स्पृहा मधेच म्हणाली, डोख. आहे की. आणि बाहेर जाऊन कुंपणाच्या गजांमधून हात घालून खेळत बसली.

स्पृहाचा हात बर्फासारखा लागला. घरी येईपर्यंत चोळत होतो.

१० ऑक्टोबर, गुरुवार

मुलाला घ्यायला कोण येऊ शकतं, त्याची यादी किटात असते. ऑगस्टमध्ये मीच भरली होती. आज पाहायला मागितली. पहिलं नाव माझं. दुसरं मीनलचं. तिसरं कॅथरीन फ्लिन. नात्याच्या रकान्यात 'आई'.

अक्षर माझं आहे. शाई माझ्या पेनची. मी ते लिहिलेलं नाही.

खोडून मागितलं. बाई म्हणाल्या, खोडायचं तर कारण लेखी द्या, पुराव्यासकट.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

स्पृहाने आज मीनलला मावशी म्हटलं. मराठीत, स्वच्छ. मावशी, दूध नको. मीनल हसली. मी नाही हसलो.

मीनलला सगळं सांगावं असं ठरवलं होतं. पण सांगायचं म्हणजे तो 'दोन'ही सांगायचा. भांडी घासायला घेतली. तीन वर्षं तिने एकटीने घर ओढलं, आणि मी तिला पहिल्याच महिन्यात हे—

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

विम्याचं पत्र. मुलीच्या आईचं नाव: कॅथरीन.

मीनलला दाखवलं. तिने वाचलं, घडी घातली, म्हणाली, हो, मग? भाजीला काय करू?

ती बाई आज स्टेशनाच्या पुलावर होती. भर दुपारी. माणसं तिला वळसा घालून जात होती. माझ्याकडे रागाने बघत असती तरी बरं झालं असतं. ती फक्त वाट बघत होती.

२१ ऑक्टोबर, सोमवार

काल मीनलने विचारलं, हिची आई कधी येणार न्यायला? आपण किती दिवस सांभाळायचं, गोड आहे पोर, पण—

म्हणून आज सांगायचंच ठरवून ऑफिसात गेलो. फ्राउ हेसलरनी बोलावलं. मिसेस टियर्नी फोनवर होत्या. अमेरिकेतला कुणी भाऊ म्हणतोय की ओनोराची आई दुसरी असावी. त्यांनी सरळ विचारलं, तुमची खात्री आहे ना? टेबलावर माझ्या कायम नोकरीचा कागद होता, तीन महिने पुरे व्हायच्या आधीच. त्यावर पेन.

मी म्हटलं, खात्री आहे. दोन पुरावे आहेत.

सही केली. नावाखाली रेघ ओढली. देवा, रेघसुद्धा सरळ आली.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळपासून मीनल स्पृहाची बॅग भरतेय. स्वेटर, मोजे, ससा. वेणी घालून दिली. पापा घेतला, परक्याच्या मुलीचा घ्यावा तसा.

मिसेस टियर्नींना ईमेल लिहिली. सगळं लिहिलं. ब्रिजिट नाही, कॅथरीन. मी खोटं बोललो. पाठवली.

उत्तर आलं. पाच मिनिटांत. त्या लिहितात, ओनोराच्या थडग्याच्या दगडावर आई म्हणून ब्रिजिट कोरून झालंय, घराण्याला कळवून झालंय. असू दे. इतक्या वर्षांनी एका नावाने काय फरक पडतो.

बेल.

मीनल म्हणते दार उघड, बिचारी लांबून आली असेल—

नाही उघडणार. आधी लिहून ठेवतो. पुरावा म्हणून. कुणीतरी वाचेल.

स्पृहा गौरांग गानू. जन्म ४ मार्च २०१९, पुणे. पावसात भिजत मी दवाखान्यात — नाही, मार्चमध्ये पाऊस कुठला. डाव्या गुडघ्यावर व्रण. की उजव्या —

मीनलने दार उघडलं. दोघी बोलतायत. ओल्या मातीचा वास. स्पृहा धावत गेली, माझ्याकडे न बघता.

लवकर. वडील: मी. आई: कॅ— नाही. खोडतो. आई: